खोकडाचं औषध

डांबरावर एक शेपूट. टोक काळं, दौतीत बुडवून काढल्यासारखं.

'औषधाची बाटली रुग्णाने घरून आणावी. झाकणासह.' ही पाटी दवाखान्याच्या खिडकीच्या वर, गौतमीच्याच अक्षरात.

दौंडला मनमाडकडून आलेल्या गाडीचं इंजिन सोडतात आणि दुसऱ्या टोकाला जोडतात. झोपेतून जागं झालेल्याला वाटतं, गाडी आलो तिकडंच परत चालली.

केसपेपरवर प्वाट नव्हे, पोट. वकारी नव्हे, उलटी.

तिचे आप्पा अर्ध्या भाकरीवरून उठायचे.

बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं.

सतरा दिवस.

सोमवारी सकाळी दौंड-शिरूर एसटी न्हावऱ्याच्या अलीकडे एका फाट्यावर थांबली आणि खिडकीशी बसलेल्या गौतमीनं सहज खाली पाहिलं. रस्त्याच्या कडेला काहीतरी चिरडून पडलं होतं. राखाडी-तांबूस केस वाऱ्यानं हलत होते, बाकी काही हलत नव्हतं. पाय काडीसारखे. ती रविवारी दौंडला घरी जाऊन सोमवारी परत शिरूरला येई, सरकारी दवाखान्यात केसपेपर लिहायच्या खिडकीवर, आणि चार वर्षांच्या या येण्याजाण्यात तिनं रस्त्यावर मेलेली कुत्री, साप, घोरपड, एकदा तर उंटसुद्धा पाहिला होता. त्यामुळं ती नुसती म्हणाली, "मांजर मेलंय." तेही मोठ्यानं म्हणायचं नव्हतं.

"मांजार?" शेजारचा म्हातारा वाकून बघत म्हणाला. हा चौफुल्याला चढला होता आणि चढल्यापासून साऱ्या गाडीला स्वतःची ओळख करून देत होता : गेणबा, साठ मेंढरं विकली, आता लेकीच्या घरी बसून खाणार. "बाई, तुमच्या दौंडात असली मांजरं असत्यात व्हय? खोकड हाय त्ये."

"खोकड?"

"खोकड. माळावरचं. कोल्ह्याचं धाकलं भावंड म्हना. पन कोल्हा चांगला आठ-धा किलो भरतो, ह्ये अडीच. लई झालं तर तीन. बोकडाच्या एका फऱ्याएवढंबी न्हाई."

"आबा, वजनावर इकताय का काय?" कंडक्टरनं विचारलं.

"इकलं असतं, तूच गिऱ्हाईक म्हनून उभा ऱ्हाशील म्हून भ्यालो." गाडी हसली. म्हाताऱ्याला आता हुरूप आला. "लई गरीब जात, बाई. बीळ करतंय, त्येला चार-पाच तोंडं ठिवतंय. ह्या तोंडातनं काठी घातली की त्या तोंडातनं पळालं. उंदीर खाईल, किडं खाईल, बोरं खाईल. आन् जोडीनं ऱ्हातंय. नर आन् मादी, दोघं मिळून पिल्लं वाढिवत्यात. कंडक्टरपरीस संसार बरा."

"चावतं का?" गौतमीनं विचारलं. आवाज आपला नाही असं तिला वाटलं.

"धरतंय कवा कवा. बिळात पिल्लं असली तर. न्हाईतर पिसाळल्याव. पिसाळलेलं खोकड लई वंगाळ. येवढुसं असतंय, म्हनून मानूस ध्यान देत न्हाई."

गाडी सुटली. शेपूट मागं गेली.

खोकडानं धरलंय वो बाई. हे वाक्य तिनं ऐकलं होतं. कुठं ते आठवावं लागलं नाही, ते आतच उभं होतं, रांगेत पुढं येण्याची वाट बघत. खिडकीच्या गजांमध्ये एक रापलेला हात, हिरव्या काचेच्या बांगड्या, हातात घरून आणलेली बाटली झाकणासह. आणि आवाज : खोकडानं धरलंय वो बाई, खोकडाचं औषध पायजे. मग खोकला. बाईला खरोखरच खोकला आला होता, दोनदा, पदर तोंडावर धरून. नाही, आधी खोकला आणि मग वाक्य? क्रम आता सापडत नव्हता आणि क्रमावरच सगळं अवलंबून आहे असं तिला एकाएकी वाटू लागलं. आधी खोकला आला असेल तर चूक समजण्यासारखी. मागाहून आला असेल तर... तरी काय. खोकड हा शब्द तिला दौंडमध्ये ठाऊक होता तो शिवीसारखा. रेल्वे क्वार्टर्सच्या टोकाला एक म्हातारा बसायचा, वाळून काटकी झालेला, दिवसभर खोकणारा, आणि बायका म्हणायच्या, बसलंय बघा म्हातारं खोकड. सहा वर्षांच्या गौतमीनं त्यावरून आपल्या मनाशी शब्द लावून टाकला होता : खोकतं ते खोकड. पुढं शाळा झाली, कॉलेज झालं, मराठीत पंच्याहत्तर मार्क पडले, पण तो लावलेला अर्थ कुणी काढून बघितला नाही. माळ तिनं रेल्वेच्या खिडकीतून बघितलेला. माळावर काय राहतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिला विचारावंसं वाटलं नव्हतं. तेव्हा त्या शुक्रवारी, मार्चच्या पाच तारखेला, खिडकीशी आलेला गावठी शब्द तिनं रोज करायची तसा शुद्ध केला. खोकड नव्हे, खोकला. केसपेपरवर आणि रजिस्टरमध्ये, तक्रारीच्या रकान्यात, स्वच्छ गोल अक्षरात. सिस्टर लोक म्हणत, गौतमीचा कागद टाइप केल्यासारखा.

हॉस्पिटलात पोचल्यावर तिनं खिडकी उघडली, रांग बघितली, आणि चाळीस केसपेपर लिहिले. काय लिहिलं ते तिला नंतर सांगता आलं नसतं. मधल्या चहाच्या वेळेला रजिस्टर मागं उलटलं. साळूबाई. वय ५५. रा. कवठे येमाई. खोकला. शाई तीच निळी, जिनं आज सकाळी चाळीस जणांच्या तक्रारी लिहिल्या. सतरा दिवस. या सतरा दिवसांत तिनं दोन सिनेमे बघितले होते, केस कापून घेतले होते, खोलीच्या मालकिणीशी नळावरून भांडली होती. त्या सगळ्याच्या खाली, जमिनीत, काहीतरी चार-पाच तोंडांचं बीळ करत होतं.

तिला माहीत होतं काय होतं ते. दोन वर्षांपूर्वी एका माणसाला जीपमधून आणलं होतं, कुत्रं चावून महिना उलटलेला. तो पाणी मागत होता. पाणी दिलं की भांड्याकडं बघून त्याचा गळा आवळायचा. पंखा लावला तर किंचाळला, वाऱ्यानंसुद्धा. तो संध्याकाळपर्यंत शुद्धीवर होता, हे सगळ्यात वाईट. तो प्रत्येकाला ओळखत होता. त्याचाही केसपेपर तिनंच लिहिला होता, आणि त्या दिवशी तिचं अक्षर जराही हललं नव्हतं.

इंजेक्शनच्या खोलीत अनुपमा सिस्टर सुया उकळत होत्या. गौतमी दारात उभी राहिली. "सिस्टर, खोकड चावलं तर काय करतात?"

"कोण खोकड? तुझ्या मालकीणबाई?"

"नाही. प्राणी असतो. कोल्ह्याच्या जातीचा."

"रानातलं असेल तर वाट बघायची नाही. कुत्रं दहा दिवस बांधून ठेवता येतं, मेलं नाही तर सुटलो. रानातलं कुठं बांधणार? चौदा. बेंबीभोवती. कुणाला चावलंय?"

"असंच विचारलं."

"असंच कोण विचारतं?" सिस्टर म्हणाल्या, पण उकळी आली आणि त्यांनी मान वळवली.

गौतमी परत येऊन रजिस्टरपुढं बसली. 'खोकला' या शब्दापुढं रकान्यात दोन बोटं जागा रिकामी होती. तीन शब्द बसले असते. 'व खोकड चावा'. एवढंच. मग कागदानं तक्रार नीट सांगितलेली ठरली असती, आणि डॉक्टरांनी घाईत अर्धीच वाचलेली. त्या दिवशी दीडशे पेशंट होते, कुणीही मान्य केलं असतं. केसपेपर बाईच्या घरी. तो हरवला असेल, भिजला असेल, चुलीत गेला असेल. आप्पा आठवले. आप्पा रेल्वेत सांधेवाले होते, रूळ बदलायचा खटका ओढणारे, आणि त्यांच्या आयुष्यात त्यांनी एकदाही चुकीचा खटका ओढला नव्हता. पण ड्यूटीवरून घरी येऊन जेवायला बसले की अर्ध्या भाकरीवर त्यांचा हात थांबायचा. मी ओढला ना? आई म्हणायची, ओढलाच असेल. ते उठायचे, हात न धुता चपला घालायचे, रुळांपर्यंत जाऊन परत यायचे. लहानपणी तिला याचा राग यायचा. एकदा विचारलं होतं, तुमच्याबरोबरचे बाकीचे कुठं उठून जातात? आप्पा म्हणाले होते, त्यांची चूक झाली तर एका माणसाची चूक होते. आपली झाली तर म्हणतील, ह्यांना घेतलंच कशाला. आपल्याला चूक परवडत नाही, पोरी. तिचं नेमणुकीचं पत्र आप्पांनी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली फ्रेम करून लावलं होतं. फ्रेम रेल्वेच्या खिडकीच्या जुन्या लाकडाची.

तिनं पेन टेकवलं आणि 'व' लिहिला.

'खोकला व'. पेन वर उचललं. 'व' सुंदर आला होता. पुढचा शब्द येईना. ती त्या एका अक्षराकडं बघत राहिली आणि तिच्या मनात आलं की आपण आत्ता इथं शब्द बसतो का बघतो आहोत आणि कवठ्यात एक बाई पाण्याचा तांब्या तोंडाला लावते आहे. लावू शकते आहे का? रजिस्टर मिटलं. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिताना कारणाच्या जागी तिनं 'घरगुती' लिहिलं.

कवठ्याच्या जीपमध्ये रांजणगावच्या कंपनीतून पहिली पाळी संपवून परतणारी माणसं होती, निळ्या शर्टांची, झोपेनं माना टाकलेली. जीप वळली की सगळ्या माना एकदम वळायच्या. तिनं खूप प्रयत्न केला त्या बाईचा चेहरा आठवायचा. हात आठवत होता, बाटली आठवत होती. चेहरा नव्हता. खिडकीचे गज अशा उंचीवर आहेत की उभ्या माणसाचा चेहरा दिसायला मान वर करावी लागते, आणि तिनं केली नव्हती. चेहऱ्याच्या जागी दोन वर्षांपूर्वी आणलेल्या त्या पाणी मागणाऱ्या माणसाचा चेहरा येत होता. आणि खोकड. खोकडही दिसत होतं, पण आता ते सकाळचं मांजराएवढं राहिलं नव्हतं. जीप जसजशी पुढं गेली तसं ते वाढत गेलं, कुत्र्याएवढं, वासराएवढं, शेवटी जीपच्या बरोबरीनं माळावरून पळू लागलं, आणि त्याच्या तोंडातून फेस गळत होता, आणि तो फेस खोकल्याच्या औषधासारखा तपकिरी होता. शाळेपाशी उतरल्यावर तिनं साळूबाईचं घर विचारलं. "कंची साळूबाई? जयसिंगची आई व्हय? वस्तीव जावा, ह्या वाटेनं." त्या माणसानं ज्या आवाजात सांगितलं त्यात काही आहे का, हे ती अर्धी वाट शोधत राहिली. मेलेल्या बाईचं घर असं सांगतात का? सांगतातही.

वस्तीवर अंगणात एक बाई ज्वारी पाखडत होती. हिरव्या बांगड्या. गौतमी थांबली. तिला बसावंसं वाटलं, तिथंच, वाटेवर.

"कोन गं? कुनाकडं आलीस?"

"साळूबाई तुम्हीच ना, मावशी? मी शिरूरच्या दवाखान्यातली. कागद लिहिते ती."

"आगं बया! खिडकीतली बाई!" साळूबाई उठली. सुपातली ज्वारी तशीच खाली ठेवली. "जयसिंग, बाहीर ये. सरकार आपल्या दारात आलंय. बस बाई, बस. पानी आनते."

पाणी. गौतमीच्या मनात दोन भीती एकदम उठल्या आणि एकमेकींना आदळल्या. एक जुनी, आईच्या आईकडून आलेली : पाणी येईल का, कशातून येईल, आडनाव आधी विचारतील की मागून. आणि दुसरी सकाळची. जुनी भीती खाली बघायला लावते, कुणाच्या हाताकडं बघू नये. आज तिला बघायलाच हवं होतं. साळूबाई तांब्या आणि भांडं घेऊन आली. लख्ख घासलेलं स्टीलचं भांडं. गौतमीनं ते घेतलं आणि न पिता म्हणाली, "तुम्ही पण घ्या ना."

"मी? मी घरचीच की."

"घ्या. ऊन आहे."

साळूबाईनं तिच्याकडं नवलानं बघितलं. मग तांब्या उचलला, मान मागं टाकली आणि वरून धार धरली. घळघळ घळघळ. गळ्याची घाटी वर-खाली होताना गौतमी बघत होती, मोजत होती, सात घोट. साळूबाईनं तोंड पुसलं. "आता पी बाई, का इख हाय का बघत हुतीस?"

ती प्याली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं उन्हावर घातलं.

जयसिंग घरातून बाहेर आला, पस्तिशीचा, पांढरा शर्ट, खिशाला सोसायटीचा बिल्ला. "नमस्कार मॅडम. काय म्हनालात नाव?"

"गौतमी सोनवणे."

"सोनवणे म्हंजी कुठले सोनवणे?"

"दौंडचे."

"तसं न्हवं..."

"दौंडचे," ती म्हणाली. तो हसला, समजल्यासारखा, आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसला. ती साळूबाईकडं वळली. "मावशी, तुम्हाला खोकड चावलं होतं ना?"

"व्हय की. ह्ये बघ." साळूबाईनं लुगडं घोट्याच्या वर घेतलं. चार ठिपके, खपली पडून गुलाबी झालेले, गव्हाच्या दाण्याएवढे. एवढेच. "माळाव शेन्या येचाय गेल्ते. वाकले, तर बिळातनं आली आन् धरलं. मी म्हनलं आगं मेले, तुझी पिल्लं का मी नेती! जखमंत तिखाट भरलं. पन ह्यो म्हनला दवाखान्यात जा. गेले. तुजं औषध लई गुनाचं बाई. डाक्टरबी हुशार. पायाला धरलंय तर पाठीला नळी लावून बघतोय. मी म्हनलं, इख पाठीला चढत आसंल, त्येला कळतंय. बोलले न्हाई मी. कागदाव लिवलंय की सगळं."

"औषध घेतलंत?"

"समदी बाटली! तीन येळा, एक टोपन. खोकडाचं इख तर गेलंच, आन् जुना खोकला हुता दिवाळीपास्नं, त्योबी गेला बघ."

जयसिंग हसला. गौतमीला काहीतरी बोलायचं होतं, पण तिनं वेगळंच विचारलं, "ते बीळ दाखवाल?"

का विचारलं? अनुपमा सिस्टरनी सांगितलं होतं म्हणून. दहा दिवस जगलं तर सुटलो. तिला सुटायचं होतं. दिवस कलला होता तेव्हा तिघं माळावर गेली. गवत वाळून पिवळं पडलेलं, मधे बोरीची झुडपं, पलीकडच्या बाजूला कुणीतरी प्लॉट पाडून चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या. साळूबाईनं वीस पावलांवरून बोट दाखवलं आणि सगळे बसले. एका उंचवट्यात तीन-चार काळी तोंडं. एका तोंडाशी किड्यांचे चकचकीत पंख पडलेले, विष्ठेत बोराच्या बिया. बाकी काही नाही. वारा. गौतमीचे पाय मुंग्या येऊन बधिर झाले. तिला वाटलं, बाहेर ये. आयुष्यात तिनं कुणाला एवढं मागितलं नव्हतं. आणि मग ते तिथं होतं. कधी आलं ते दिसलंच नाही. मोठे कान, टोकदार तोंड, बारीक पाय, मागं शरीराला न शोभणारी भलीमोठी झुपकेदार शेपटी. ते बसलं आणि मागच्या पायानं कान खाजवू लागलं. एखादी बाई भांडी घासून ओट्यावर टेकावी तसं. त्याच्यामागून एक बोटभर तोंड बाहेर आलं आणि परत गेलं. हेच ते? दिवसभर जे जीपएवढं होतं ते हे? दोन हातांत मावलं असतं. तिला हसू आलं, आणि हसू आल्याची भीती वाटली.

"बघ, जिती हाय," साळूबाई कुजबुजली. "लेकुरवाळी हाय बिचारी. पिसाळली आसती तर कवाच मेली आसती."

"कशावरनं हीच?" जयसिंग म्हणाला. "जोडी असती आये. चावलेली मेली आसंल, ह्यो नर आसंल."

"मला कळत न्हाई व्हय?"

"चावली तवा तू त्वांड बघत हुतीस का पाय?"

खोकडानं तिघांकडं पाहिलं, आणि बिळात गेलं. गेलं तेव्हाही दिसलं नाही. इथं, या वाळल्या गवतात, गौतमीला कळलं की आता उठून जाता येईल. बाई पाणी पिते. बाईचा विश्वास आहे की औषध मिळालं. प्राणी जिवंत आहे, बहुतेक हाच. रजिस्टरात एक 'व' आहे, त्याला उद्या खोडता येईल. कुणाला काही सांगायची गरज नाही आणि नव्याण्णव टक्के कुणाला काही होणार नाही. एक टक्का राहतो. आप्पा त्या एक टक्क्यासाठी चपला घालायचे.

"मावशी, ते औषध खोकड चावल्याचं नव्हतं," ती म्हणाली. "खोकल्याचं होतं. तुम्ही खोकड म्हणालात, मी खोकला लिहिलं. मला खोकड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. डॉक्टरांनी कागद वाचला. चूक माझी."

जयसिंग हळूहळू उभा राहिला.

"म्हंजी सतरा-अठरा दिवस माझी आई... मॅडम, तुमाला नोकऱ्या देत्यात त्या... तुमी लोकं..."

तो थांबला. गौतमी वाक्याच्या उरलेल्या भागाची वाट बघत बसली. ते तिला पाठ होतं. तिनं ते आप्पांच्या ताटातल्या अर्ध्या भाकरीत पाहिलं होतं. येऊ दे म्हणून ती मान वर करून बघत राहिली. तिला खाली बघता आलं असतं.

"गप रं," साळूबाई म्हणाली. "लोकं काय? ती आली का न्हाई? तुज्या सोसायटीतला मानूस चूक सांगाय कवा आलाय दारात?" मग ती गौतमीकडं वळली आणि तिचा चेहरा विचित्र झाला, आधी भीतीनं, आणि मग तो फुटला. "म्हंजी मी खोकडापायी खोकल्याचं प्याले?" ती हसायला लागली, लुगड्याचा पदर तोंडात घालून. "मला काय हुईल गं? खरं सांग."

"माहीत नाही. काही होणार नाही बहुतेक. पण इंजेक्शनं घ्यायला लागतील. चौदा. पोटात. रोज एक."

"पोटात? न्हाई बाई. मेले तरी चालंल."

"मावशी, मी एक माणूस बघितलाय."

तो कसा मेला ते तिनं सांगितलं नाही. साळूबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलंही नाही. मग म्हणाली, "तुजं आय-बाप हायत?"

"वडील आहेत."

"तूच लिवलंयस, आता तूच बसायचं माज्या शेजारी. चौदा दिस. ती सुई घालताना माजा हात धरायचा. न्हाईतर मी येत न्हाई, जा."

मंगळवारी सकाळी पहिल्या जीपनं दोघं मायलेक आली. गौतमीनं त्याआधी डॉक्टरांना सांगितलं होतं. डॉक्टर आधी ओरडले, मग हळू आवाजात म्हणाले, मीही काय झालं ते विचारायला हवं होतं, मग परत ओरडले. लेखी खुलासा मागितला. तिनं तो लिहिला : माझ्या ऐकण्यातील चुकीमुळे. 'ऐकण्यातील' खोडून 'समजण्यातील' केलं. ते कागदावरचं तिचं चार वर्षांतलं पहिलं खोडलेलं अक्षर. पुढं एक वेतनवाढ थांबली. आप्पांना कळवायचं की नाही हे तिला त्या सकाळी ठरवता आलं नाही. इंजेक्शनच्या खोलीत साळूबाई उताणी पडली, लुगडं बेंबीपर्यंत खाली सरकवून, छताकडं बघत. पोट मऊ, रेघारेघांचं, तीन बाळंतपणांचं. अनुपमा सिस्टरनी जागा पुसली आणि गौतमीकडं बघून म्हणाल्या, "असंच विचारत होतीस, नाही का?" जयसिंग दाराबाहेर पाठ करून उभा होता. साळूबाईनं गौतमीचं मनगट पकडलं, सुई शिरली तेव्हा बांगडी त्यात रुतली, आणि ती म्हणाली, "आगं मेले," कुणाला ते कळलं नाही, सुईला, खोकडाला की तिला. सूज येईल, सिस्टर म्हणाल्या, उद्या डाव्या बाजूला. गौतमी मान हलवत होती आणि मनात मोजत होती, एक झालं, तेरा राहिली, आणि तेरा झाल्यावरही महिना, दोन महिने, कधी सहा. कुणाला तरी कधीतरी वर्षानं झालं होतं म्हणे. वर्षभर रोज कुणीतरी पाणी पितंय का बघत राहायचं. बाहेर रांग खिडकीवर बोटं वाजवत होती. तिनं हात सोडवला नाही.

साळूबाई गेली ती त्यानंतर आठ वर्षांनी, दोन हजार सात साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, कावीळ होऊन.